रिकामी जागा आणि भरीत पार्टी

डिझाईनचा कोर्स लावला तेव्हा वाटलं होतं पहिल्याच आठवड्यात काहीतरी भारी बनवायला लावतील, पण पंधरा दिवस नुसते चौकोन आणि गोल. काळा चौकोन इकडे सरकवा, तिकडे सरकवा, बघा नजर कुठे जाते. अमळनेरला घरी बसून माझं हे चालू आणि आई मागून येऊन बघायची, याच्यासाठी एवढी फी भरली का असं तोंडाने म्हणायची नाही पण चेहरा तोच.

मग थंडी पडली आणि अण्णाकाकांनी मळ्यात भरीत पार्टी ठरवली. तू शिकतेस ना, मग बॅनर तूच कर. मी पेटलेच! नेटवरून छान जांभळं वांगं उचललं, मोठ्या अक्षरात 'भरीत पार्टी', आणि उजवीकडचा अर्धा भाग मोकळा सोडला, कारण नुकतंच व्हाईट स्पेस शिकले होते ना.

काकांनी मोबाईल लांब धरून बघितलं. "हाई वांगं आपलं नही शे." बरोबरच होतं, आपलं भरताचं वांगं हिरवं, जांभळं घेऊन काय पाहुण्यांना फसवायचंय. आणि दुसरं, "इतली जागा रिकामी काब सोडी वं?" फ्लेक्सवाला स्क्वेअर फुटाने पैसे घेतो, सहा बाय तीन म्हणजे 18 फूट, रिकाम्या जागेचेही पैसे लागतातच, मग तिथे चारही भावांचे फोटो का नकोत. यावर कोर्समध्ये काही उत्तर नव्हतं.

मला उत्तर सुचलं ते बिबड्यांवरून, म्हणजे आपले ज्वारीचे पापड. उन्हाळ्यात गच्चीवर धोतर अंथरून आई बिबड्या टाकते तेव्हा दर वेळी ओरडते, दोन बिबड्यांत बोटभर जागा सोड. मी घाईत चिकटून चिकटून टाकायचे आणि वाळल्या की त्या एकमेकींचा लचका घेऊनच सुटायच्या. काकांना म्हटलं फोटोंचं पण तसंच होईल. ते हसले, पण दोन फोटो कमी केले, तेवढंच.

खरी फजिती वेगळीच झाली. तारीख वर टाकली होती आणि वेळ पार खाली कोपऱ्यात, मोबाईल नंबरच्या शेजारी, तिथे जागा होती म्हणून. व्हॉट्सॲपवर फिरवल्यावर दिवसभर फोन, रविवारी ते कळलं पण किती वाजता? माक्स वेर्टहायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1923 सालीच लिहून ठेवलंय की जवळजवळ ठेवलेल्या गोष्टी डोळा एकत्र धरतो. नोट्समध्ये मी ते लाल पेनाने अधोरेखितही केलं होतं, आता बोला.

अजून एक, कोर्समधली सगळी उदाहरणं इंग्रजी. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या सव्वापट ठेवा म्हणे. तसं ठेवलं तर 'सहकुटुंब'चे उकार खालच्या 'मित्रमंडळींनी'च्या वेलांट्यांत घुसले, बस स्टँडवर सीट धरायला घुसतात तसे. आपल्या लिपीला वर छप्पर पाहिजे, खाली तळघर पाहिजे, तिला दीडपट तरी द्यावंच लागतं हे मला कोणी सांगितलं नाही, बघून बघून कळलं.

आणि रंग. स्क्रीनवर वांगं हिरवंगार होतं, छापून आलं ते शेवाळलेलं. स्क्रीनवर उजेडाचे तीन रंग आणि छपाईत शाईचे चार, त्यामुळे तो झगमगीत हिरवा शाईत उतरतच नाही. फ्लेक्सवाल्या दादाने हे मला इतक्या सहज सांगितलं की मलाच लाज वाटली.

पार्टी झाली. तुरकाठ्यांवर वांगी भाजली, बडगीत कुटली, कळण्याच्या भाकरीबरोबर लोक बोटं चाटत होते, बॅनरकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही. आता तो फ्लेक्स काकांच्या कापसाच्या ढिगावर झाकलाय. परवा गेले तेव्हा मुद्दाम लांब बांधावरून डोळे बारीक करून बघितलं. भाऊ दुमडून आत गेलेत, वांगं आणि 'सकाळी 11 वाजता' तेवढं वर आलंय, आणि चक्क नीट वाचता येतं.