पिट्टूचा टाका

मुलीने पिशवी शिवून आणली की तिचे दोन्ही बंद धरून ओढायचे, ही माझी जुनी खोड. बहुतेकींचा निकाल तिथंच लागतो. मग मी म्हणते, "आता हिच्यात पाच किलो तांदूळ घालून ने घरी." गेल्या जुलैच्या बॅचमधली एक पिशवी मी अशीच ओढली. शेवटी कापड फाटलं, बंद मात्र जागचा हलला नाही.

उलटून बघितलं. जोडावर चौकोनी शिवण, चौकोनाच्या आत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फुली, सुरुवातीला आणि शेवटी तीन-तीन उलटे टाके. मी वर्गात फक्त दोन सरळ शिवणी दाखवल्या होत्या.

"हे कुठं शिकलीस?"

ती खाली बघत राहिली. मग म्हणाली, "पिट्टूले असंच लागते जी मॅडम. नाही तर पळताना तुटते."

मी वडशाची. पिट्टू, म्हणजे नक्षल्यांची पाठीवरची पिशवी, हा शब्द लहानपणापासून पेपरात वाचत आले आहे. चकमक झाली की बातमीच्या शेवटी ठरलेली यादी: बंदुका, काडतुसं, वॉकीटॉकी, पिट्टू 'व इतर नक्षल साहित्य'. तो पिट्टू कुणीतरी मशीनवर बसून शिवलेला असतो, हे इतक्या वर्षांत मनातसुद्धा आलं नव्हतं. पोट शिवणकामावर भरते, तरी.

आमचं केंद्र गडचिरोलीत. तीस दिवसांचा निवासी कोर्स. धानोरा, एटापल्ली, भामरागडकडच्या बाया आणि मुली येतात. काही बचतगटातून, काही 'दादालोरा खिडकी' या पोलिसांच्या उपक्रमातून. त्या बॅचला दोघी आत्मसमर्पित, म्हणजे नक्षल चळवळ सोडून आलेल्या होत्या. पिशवीवाली त्यांतलीच एक. राज्यात आत्मसमर्पणाची योजना २००५ पासून आहे, त्यामुळे अशी मुलगी वर्गात येणं आम्हाला नवीन नाही. त्यांना मागचं काही विचारायचं नाही, हा माझा नियम. पिशवीपायी तो मोडला.

हळूहळू कळत गेलं. ही दलमच्या, म्हणजे नक्षल्यांच्या सशस्त्र तुकडीच्या, टेलर टीममध्ये होती. हातमशीन पाठीवर घेऊन हिंडायचे. जिथं मुक्काम पडेल तिथं ताडपत्रीखाली शर्ट, पॅन्ट, पिट्टू, काडतुसांचे पाऊच. टेप नव्हताच; वीत, चार बोटं, आणि गाठी मारलेली एक सुतळी. मापं तीन: लहान, मधलं, मोठं. बाईचा शर्ट वेगळा नाही, पुरुषाचा वेगळा नाही. त्यामुळे खिशावरचा फ्लॅप ती डोळे मिटून लावायची, पण ब्लाऊजचा टक्स म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. "कापड दाबून टाकायचं कशाला?" म्हणाली. छातीचा चौथा भाग अधिक दीड इंच, हा हिशेब फळ्यावर मांडला की तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या. मुंढा तर तिने तीनदा उसवला.

याच बॅचमध्ये धानोऱ्याकडची एक बाई होती. तिच्या नवऱ्याला खबऱ्या ठरवून मारलं होतं. दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाली, "माही मशीन खिडकीपाशी करून द्या." का, ते बोलली नाही. मी दिली करून. महिनाभर ती आणि ही दोघी एकाच चुलीचं जेवल्या आणि एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. कुणाला कुणाशेजारी बसवायचं हे अभ्यासक्रमात नसतं, आणि मी काही त्यांना हात धरून समोरासमोर बसवणार नव्हते. ते कुणाचंही काम नाही.

परीक्षा ३० जुलैला. तारीख वरून आली. २८ जुलै ते ३ ऑगस्ट नक्षल्यांचा शहीद सप्ताह असतो, त्या दिवसांत आतल्या गावांच्या गाड्यांचा भरवसा नाही, वर पाऊस. रोवणीला म्हणून बॅचमधल्या दुसऱ्याच दोघी घरी गेल्या होत्या. पर्लकोटा नदी पुलावर आली, भामरागड तुटलं, आणि त्या दोघी तिकडेच राहिल्या. तीस दिवसांतले सव्वीस भरलेले, पण परीक्षेला नाहीत म्हणजे प्रमाणपत्र नाही. तारखा ठरवणाऱ्यांनी एकदा धानाचं वेळापत्रक बघावं.

असेसर नागपूरहून आला. तरुण, सभ्य, हातात टॅब. एकेकीचा फोटो, आधार, मग माहिती. हिची पाळी आली. 'पूर्वीचा अनुभव' असा रकाना होता.

"शिवणकाम आधी केलंय का, ताई?"

"हो जी."

"किती वर्षं?"

"अकरा."

खोलीतल्या मशीनी एकेक करून थांबल्या. खिडकीपाशी बसलेली बाई दोऱ्याचं टोक ओलं करत होती, तिचा हात तोंडाशीच राहिला.

"छान," असेसर म्हणाला. "कामाचं ठिकाण सांगा. ते भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

"शून्य टाका," मी म्हणाले.

"पण त्या अकरा म्हणतायत, मॅडम."

"शून्य."

त्याने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि टाकलं. शून्याला ठिकाण लागत नाही, पुढचं पान उघडलं. खिडकीपाशी मशीन पुन्हा सुरू झाली.

प्रात्यक्षिकात लहान मुलीचा फ्रॉक होता. शिवण बघून असेसर दोनदा म्हणाला, "हात फार साफ आहे." पण घाईत तिने टेप गळ्यात अडकवून वितीनेच मापं घेतली होती, त्याचे गुण गेले. टॅबवरचे प्रश्न मी वाचून दाखवले. पास झाली.

दुपारी मी तिला गाठलं. मला ते शून्य टोचत होतं. म्हटलं, "राग नको मानू. ठिकाण काय लिहिणार होतो आपण?"

"बरोबर आहे जी," ती म्हणाली. "ठिकाण तर रोज बदले."

आणि हसली. महिनाभरात पहिल्यांदाच.

१५ ऑक्टोबर २०२५ ला नक्षल्यांचा मोठा नेता भूपती याने ६० जणांसह गडचिरोलीत शस्त्रं ठेवली. तेव्हापासून मला फोनवर विचारतात, टेलरिंगची बॅच किती मोठी घेता येईल? मी म्हणते, आधी पायमशीनी द्या. आमच्याकडे सगळ्या मोटरच्या आहेत आणि या मुली जातात तिथं पावसाळ्यात चार-चार दिवस लाईट नसते. फोनवरचा माणूस "बघतो" म्हणतो. दोन पायमशीनी मी स्वतःच जुन्या बाजारातून आणल्या आहेत. एकीचा पट्टा सारखा निसटतो.

परीक्षेच्या संध्याकाळी ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. अंगात तिने स्वतःला शिवलेला ब्लाऊज, जांभळा, अस्तराचा. चौथ्या खेपेला बाही बसली होती. मी तिला वळायला लावलं. पाठ सपाट, काखेत चुणी नाही, टक्स नेमके जिथं हवेत तिथं.

"काढून दे, आतली शिवण बघू दे."

आत डाव्या बाजूला, अस्तरावर, एक खिसा होता. छोटासा. वर फ्लॅप, फ्लॅपला काज-बटण, आणि दोन्ही कोपऱ्यांना तीन-तीन उलटे टाके.

"हा कशाला गं?"

"आधार कार्डाले," ती म्हणाली. "नाक्यावर विचारते ना."