एक टक्क्यावर अडकलेला सर्व्हर आणि १०० एमबीचं पार्टिशन

काम तसं सरळ होतं. विंडोज सर्व्हर २००८ आर२ चालवणारं एक जुनं टॉवर मशीन, त्यावर एसक्यूएल डेटाबेस आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर. हार्डवेअर कधी दगा देईल याचा भरवसा नाही, म्हणून आहे तसं उचलून ईएसएक्सआयवर (एकाच हार्डवेअरवर अनेक सर्व्हर चालवणारी व्हीएमवेअरची प्रणाली) व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं मशीन, करायचं. हे काम करणारा व्हीएमवेअर कन्व्हर्टर स्टँडअलोन बसवला, सोर्स निवडला, डेस्टिनेशन दिलं, जॉब सुरू केला. एक टक्का झाला आणि फेल. सोर्स व्हॉल्यूमचा व्हीएसएस स्नॅपशॉट तयार करता आला नाही, एरर कोड २१४७७५४७८३. (व्हॉल्यूम म्हणजे ड्राइव्ह किंवा पार्टिशन; स्नॅपशॉट म्हणजे चालू ड्राइव्हची त्या क्षणाची गोठवलेली प्रत; आणि ती घेणारी विंडोजची सोय म्हणजे व्हीएसएस, व्हॉल्यूम शॅडो कॉपी सर्व्हिस.) पुन्हा चालवला, तोच एक टक्का. सर्व्हर रीस्टार्ट केला, तरी तोच एक टक्का.

पहिली चूक इथेच होते, माझीही झाली. संदेशातलं वाक्य वाचतो, आकडा वाचत नाही. वाक्य सगळ्या बिघाडांना एकच असतं, खरी माहिती आकड्यात असते. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये प्रोग्रामर मोड लावून तो हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकांत) बदला आणि शेवटची दोन स्थानं बघा. शेवट १एफ असेल, म्हणजे वरचाच २१४७७५४७८३, तर स्नॅपशॉटला जागा कमी पडते आहे. २१४७७५४७५८ म्हणजे प्रोव्हायडरने, प्रत्यक्ष स्नॅपशॉट घेणाऱ्या घटकाने, नकार दिला. २१४७७५४७६६ म्हणजे प्रोव्हायडरला तो व्हॉल्यूम झेपत नाही. २१४७७५४७७४ आला तर घाबरू नका, दुसरा कोणी तरी त्याच वेळी स्नॅपशॉट घेतो आहे. बहुतेक वेळा तो रात्रीचा बॅकअप असतो; तो संपू द्या आणि पुन्हा चालवा. २१४७७५४७५४ मात्र नुसता 'अनपेक्षित' आहे, त्यातून काही कळत नाही, इव्हेंट व्ह्यूअरच उघडावा लागतो.

मी आधी नेहमीच्या जागा तपासल्या. सर्व्हिसेसमध्ये 'व्हॉल्यूम शॅडो कॉपी' आणि 'मायक्रोसॉफ्ट सॉफ्टवेअर शॅडो कॉपी प्रोव्हायडर' या दोन्ही मॅन्युअलवर हव्यात. सुरू दिसल्या नाहीत तरी चालतं, गरज पडली की त्या आपोआप उठतात. पण 'सुरक्षा कडक करतो' म्हणून कोणी डिसेबल करून ठेवल्या असतील तर पुढचं सगळं व्यर्थ. मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'व्हीएसएसॲडमिन लिस्ट प्रोव्हायडर्स'. यादीत मायक्रोसॉफ्टचा एकच प्रोव्हायडर दिसला तर उत्तम. दुसरं नाव दिसलं तर ते बहुधा कधी तरी काढून टाकलेल्या बॅकअप सॉफ्टवेअरचं भूत असतं, आणि ते त्रासदायक ठरतं. कारण विंडोज प्रोव्हायडर निवडताना आधी हार्डवेअरचा बघतं, मग बाहेरचा सॉफ्टवेअर प्रोव्हायडर, आणि स्वतःचा सगळ्यात शेवटी. म्हणजे अर्धवट काढलेलं सॉफ्टवेअरही रांगेत पुढे उभं राहतं. ते नीट अनइन्स्टॉल करा. जमत नसेल तर रजिस्ट्रीत व्हीएसएस सर्व्हिसच्या खाली 'प्रोव्हायडर्स' नावाची की असते. तिचा एक्सपोर्ट काढून ठेवा, मगच त्या नावाची उपकी काढा आणि रीस्टार्ट करा. मायक्रोसॉफ्टच्या प्रोव्हायडरची उपकी 'बी५९४६१३७' ने सुरू होते, तिला हात लावायचा नाही.

रायटर म्हणजे स्नॅपशॉटआधी आपापला डेटा स्थिर करणारा प्रोग्रामचा भाग. 'व्हीएसएसॲडमिन लिस्ट रायटर्स' मध्ये प्रत्येक रायटरसमोर 'स्टेबल' आणि 'नो एरर' हवं. एखादा 'फेल्ड' दिसला तर सगळा सर्व्हर रीस्टार्ट करायची गरज नसते, त्याची मालक सर्व्हिस रीस्टार्ट करा. सिस्टिम रायटरला क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस, डब्ल्यूएमआय रायटरला विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन, एसक्यूएलच्या रायटरला एसक्यूएल सर्व्हर व्हीएसएस रायटर. डब्ल्यूएमआयवर इतर सर्व्हिसही टेकलेल्या असतात, त्यामुळे तिची वेळ जरा बघून निवडा.

माझ्याकडे हे सगळं ठणठणीत होतं. सी ड्राइव्हवर ढीगभर जागा, डीवर त्याहून जास्त. तरी एरर एकच म्हणते: जागा नाही.

कळीचा मुद्दा हा की कन्व्हर्टर निवडलेल्या सगळ्या व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट एकाच संचात मागतो. एकाने नाही म्हटलं की सगळे गेले, आणि कोणी नाही म्हटलं ते संदेश सांगत नाही. म्हणून व्हॉल्यूम एकेक करून तपासायचे. सर्व्हर विंडोजवर 'व्हीएसएसॲडमिन क्रिएट शॅडो' आणि 'फॉर' मध्ये ड्राइव्हचं अक्षर द्यायचं. विंडोज ७ वगैरे डेस्कटॉप आवृत्त्यांत ही क्रिएटची सोय नाही, तिथे 'डब्ल्यूएमआयसी शॅडोकॉपी कॉल क्रिएट' वापरावं लागतं. सीचा स्नॅपशॉट काही सेकंदांत झाला. डीचाही झाला. मग नाही कोण म्हणतंय?

डिस्क मॅनेजमेंट उघडलं तेव्हा दिसलं. सीच्या डावीकडे, अक्षर नसलेलं, 'सिस्टिम रिझर्व्ह्ड' नावाचं १०० एमबीचं पार्टिशन. विंडोज ७ आणि २००८ आर२ इन्स्टॉल होताना ते स्वतःहून तयार करतात. बूट मॅनेजर आणि बूटची नोंदवही तिथे असते. एक्सप्लोररमध्ये ते दिसत नाही, म्हणून आठवतही नाही. त्याला तात्पुरतं झेड अक्षर दिलं, झेडचा स्नॅपशॉट मागितला, आणि तत्काळ 'अपुरी जागा'. दोन डिस्क-ॲरे, शेकडो जीबी, आणि सगळ्याला अडवणारा हा बोटभर तुकडा. राग नाही येणार तर काय!

५०० एमबीपेक्षा लहान व्हॉल्यूमवर स्नॅपशॉटसाठी किमान ५० एमबी मोकळे लागतात, आणि ५०० एमबीपेक्षा मोठ्यावर किमान ३२० एमबी. १०० एमबीच्या या पार्टिशनमध्ये बूटच्या फायली धरूनही साधारण ७० एमबी मोकळे असतात, म्हणजे नव्या सर्व्हरवर अडचण येत नाही. मग बिघडतं काय? एनटीएफएसचं (विंडोजच्या फाइल पद्धतीचं) यूएसएन जर्नल. फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणारी ही छुपी फाइल कोणत्या तरी प्रोग्रामने त्या पार्टिशनवर चालू केलेली असते आणि ती ३२ एमबी खाऊन बसते. ७० मधून ३२ गेले, उरले चाळिसाच्या आत. पन्नाशी गाठत नाही. ही फाइल एक्सप्लोररमध्ये छुप्या फायली दाखवा म्हटलं तरी दिसत नाही. 'एफएसयूटिल यूएसएन क्वेरीजर्नल' आणि पुढे झेड, एवढं विचारलं की आकार कळतो.

सोपा उपाय म्हणून मी 'एफएसयूटिल यूएसएन डिलीटजर्नल', त्यापुढे स्लॅश-डी हा पर्याय, मग झेड, असं चालवून जर्नल उडवलं. मोकळी जागा सत्तरीवर गेली, झेडचा स्नॅपशॉट झाला. विजय समजून कन्व्हर्जन ऑफिस बंद झाल्यावर चालेल असं लावून ठेवलं. सकाळी पुन्हा तोच एक टक्का. जर्नल परत ३२ एमबीचं होऊन बसलेलं. माझा संशय अँटिव्हायरसवर आहे: मी झेड अक्षर दिलं, म्हणजे त्याच्या दृष्टीने एक नवी ड्राइव्ह आली. (डी किंवा फाइल शेअर असलेल्या ड्राइव्हवर मात्र जर्नल असं उडवू नका. रेप्लिकेशन आणि सर्च त्यावर अवलंबून असतात, त्यांना सगळं पहिल्यापासून मोजावं लागतं.)

टिकणारा उपाय दुसरा आहे. झेडच्या स्नॅपशॉटची जागा झेडवर ठेवूच नका, सीवर न्या. 'व्हीएसएसॲडमिन ॲड शॅडोस्टोरेज', 'फॉर' मध्ये झेड, 'ऑन' मध्ये सी, 'मॅक्ससाइज' १ जीबी. किमान मर्यादा ३२० एमबीची आहे, पण कंजुषी कशाला. 'असोसिएशन आधीच आहे' असं उत्तर आलं तर 'लिस्ट शॅडोस्टोरेज' ने बघा. झेडचं झेडवरच जोडलेलं असेल तर 'डिलीट शॅडोस्टोरेज' ने ते तोडून मग ॲड करा. रिसाइझने फक्त आकार बदलतो, जागा हलत नाही. ॲडची ही सोयही सर्व्हर आवृत्त्यांतच आहे. यानंतर कन्व्हर्टर एक टक्का ओलांडून दोनवर गेला, आणि तो दोनचा आकडा पाहून जे वाटलं ते इथे लिहीत नाही.

'ते पार्टिशन निवडूच नका ना' असा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच आहे. वगळलं की स्नॅपशॉट होईल, कॉपी होईल, आणि नवं मशीन बूट होणार नाही, कारण बूट मॅनेजर मागे राहिला. वगळायचंच असेल तर आधी मूळ सर्व्हरवर 'बीसीडीबूट' ने बूटच्या फायली सीवर लिहून डिस्कपार्टमध्ये सी ॲक्टिव्ह करावी लागते. चालत्या, एकुलत्या एका सर्व्हरवर हा खेळ मी करत नाही. सर्व्हरच्या कंपनीने टाकलेलं छोटं फॅट (जुन्या फाइल पद्धतीचं) युटिलिटी पार्टिशन मात्र बिनधास्त वगळा, व्हर्च्युअल मशीनला त्याचा काही उपयोग नाही.

सर्व्हर २०१२ मध्ये हेच पार्टिशन ३५० एमबीचं असतं, पण त्यात रिकव्हरीची मोठी फाइल बसलेली सापडते, त्यामुळे तिथेही पन्नासचा हिशेब करून बघा.

दुसरी अडचण अर्ध्या वाटेवरची. स्नॅपशॉट झाला म्हणजे संपलं नाही, कॉपी संपेपर्यंत तो जगायला हवा. १०० मेगाबिटच्या नेटवर्क स्विचवर प्रत्यक्षात सेकंदाला ११ एमबीच्या आसपास जातात. ४०० जीबीला दहा तास लागतात. तेवढ्या वेळात डीवर जे लिहिलं जाईल, त्या प्रत्येक ब्लॉकची जुनी प्रत शॅडो स्टोरेजमध्ये साठते. तिथली मर्यादा भरली की विंडोज स्नॅपशॉटच टाकून देतं आणि जॉब चाळीस-पन्नास टक्क्यांवर वाचनाची एरर देऊन पडतो. सिस्टिम लॉगमध्ये 'व्होल्स्नॅप' चा इव्हेंट २५ किंवा ३६ दिसला तर हेच झालंय. ३६ म्हणजे मर्यादा कोणी तरी लावलेली होती. 'रिसाइझ शॅडोस्टोरेज' मध्ये मॅक्ससाइज 'अनबाउंडेड' द्या, गिगाबिट स्विच लावा, आणि त्या रात्री डीफ्रॅग, बॅकअप, अँटिव्हायरस स्कॅन, एसक्यूएलचं इंडेक्स रिबिल्ड बंद ठेवा. स्नॅपशॉट घेण्याच्या क्षणीही डिस्क शांत हवी: रायटरना थांबून राहायला जास्तीत जास्त ६० सेकंद असतात, आणि प्रोव्हायडरला प्रत्यक्ष स्नॅपशॉट १० सेकंदांत उरकावा लागतो. थकलेल्या डिस्कवर लोड असेल तर एवढंही पुरत नाही. एसक्यूएल तर मी सरळ बंदच करतो. स्नॅपशॉटनंतर झालेल्या नोंदी नव्या मशीनमध्ये येत नाहीत, मग उगाच कशाला चालू ठेवायचं?

चाचणीसाठी घेतलेले स्नॅपशॉट नंतर काढा, पण 'ऑल' म्हणून नाही. युजरच्या फायलींच्या जुन्या प्रती त्याच यादीत असतात. क्रिएटच्या वेळी दिसलेला आयडी लिहून ठेवा आणि तेवढाच डिलीट करा.

नवं मशीन पहिल्यांदा नेटवर्क कार्ड जोडल्याशिवाय सुरू करा, नाही तर एकाच नावाचे, एकाच आयपीचे दोन सर्व्हर भांडतील. बाकी व्हीएमवेअर टूल्स टाकणं, जुन्या रेड (डिस्क-ॲरे) कंट्रोलरचं सॉफ्टवेअर काढणं, यात काही अडलं नाही.

आणि हो, झेड अक्षर. काम झालं की डिस्क मॅनेजमेंटमधून ते काढा, जुन्या मशीनवरून आणि नव्यावरूनही. अक्षर राहिलं की अँटिव्हायरस पुन्हा तिथे फिरेल, आणि पुढे व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप ज्या दिवशी आतल्या विंडोजकडे स्नॅपशॉट मागेल, त्या दिवशी हाच आकडा परत समोर येईल.