जिभेवरची जखम आणि गालातला चट्टा

फेब्रुवारीत दिंडोरीकडे द्राक्षकाढणी ऐन भरात असते. त्या दिवसांत बागायतदार नाशिकला दाताच्या दवाखान्यात येतो तो घास गिळणं अवघड झाल्यावरच. त्या दिवशी आलेले काका पन्नाशीचे होते. “तोंड आलंय, उष्णता झालीय,” म्हणाले. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, जाईचा पाला, दुधावरची साय, सगळं करून झालं होतं. काकूंचा प्रश्न एकच: “कॅन्सर तर नाही ना, डॉक्टर?”

नेहमीचं तोंड येणं वेगळं असतं. ओठांच्या-गालांच्या आत किंवा जिभेखाली 10 मिमीपेक्षा लहान, गोल, पिवळसर तळाचे आणि लाल कडेचे फोड येतात आणि 7 ते 14 दिवसांत भरतात. काकांची जखम एकच, जिभेच्या उजव्या कडेला, तीन आठवडे त्याच जागी. अशा वेळी मी आधी समोरचा दात बघते.

गॉजमध्ये जिभेचं टोक धरून डावीकडे ओढलं. जखम 8 मिमीची, आणि बरोबर समोर खालच्या दाढेत भरलेली जुनी चांदी तुटून राहिलेली धार. मग जखमेच्या कडा बोटांत धरून दाबल्या. मऊ होत्या, खाली गोळा नव्हता. जबड्याखाली आणि मानेतही गाठ लागली नाही. कडा कडक लागल्या असत्या, तर त्याच दिवशी बायोप्सीला, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासायला, पाठवलं असतं.

धार घासून गुळगुळीत केली, दाढ भरली. साध्या फोडांना मी ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची 0.1 टक्के पेस्ट देते: जागा कोरडी करून मुगाएवढी नुसती टेकवायची, चोळली की रवाळ होऊन सुटते, नंतर अर्धा तास खाणंपिणं बंद. बुरशी किंवा नागिणीच्या जातीचा विषाणू असेल तर हीच पेस्ट त्रास वाढवते, म्हणून न दाखवता आणू नये. काकांना ती मुद्दाम दिली नाही. धार गेल्यावर जखम आपोआप भरते का, हेच मला पाहायचं होतं. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार वेळा चुळा, मिसळ-ठेचा बंद, आणि 14 दिवसांनी यायचंच.

गाल तपासताना तंबाखू धरायच्या जागी एक पांढरा चट्टा दिसला. गॉजने पुसला, निघाला नाही. बुरशीचा थर बहुधा पुसला जातो. “तो काय दुखत नाही,” काका म्हणाले. तंबाखू त्या दिवसापासून बंद करायला सांगितली.

चौदाव्या दिवशी जिभेवर फिकट गुलाबी खूण तेवढी उरली होती. काकूंचा चेहरा खुलला. मी गाल उघडून पाहिला. तंबाखू बंद होती, पण चट्टा तसाच होता, आणि आता एका बाजूला लालसर ठिपके होते. काकूंना खुर्चीजवळ बसवलं, आरसा देऊन दोघांना तो दाखवला आणि त्या लाल भागाच्या बायोप्सीची चिठ्ठी लिहिली.