अमेरिकेचा कोळंबीचा फॉर्म: माझा अनुभव

कोकणातल्या एका मासळी कारखान्यात मी निर्यातीची कागदपत्रं बघते. युरोप, जपान, व्हिएतनामला आमचा माल नेहमी जायचा. अमेरिकेची पहिली ऑर्डर आली ती तलावात वाढवलेल्या वेनामी जातीच्या कोळंबीची, आणि माझ्या टेबलावर डीएस-२०३१ नावाचा फॉर्म येऊन पडला.

हा फॉर्म तिथल्या अन्न खात्याचा नाही, चक्क परराष्ट्र खात्याचा आहे. कोळंबी ताजी आहे का, अँटिबायोटिक सापडलं का, याची त्यात चौकशीच नाही. धरली कशी, एवढंच विचारतात. तलावात वाढवलेली, कासवाला बाहेर पडायची वाट ठेवलेल्या जाळ्यातली, हाताने ओढलेल्या जाळ्यातली, की कासवांना धोकाच नाही अशा पाण्यातली? त्यातल्या एका चौकोनात खूण करायची. आपल्या ट्रॉलरची कोळंबी यातल्या कशातच बसत नाही, म्हणून २०१९ पासून तिला तिकडे बंदी आहे.

तलावाच्या चौकोनाची अट सोपी: काढणीआधी किमान ३० दिवस तलावात. वेनामी तीन-चार महिने वाढतेच. पण ते दाखवायचं कागदावर. हॅचरीचं, म्हणजे कोळंबीचं बी तयार करणाऱ्या केंद्राचं बिल, बी सोडल्याची तारीख, किनाऱ्यावरच्या कोळंबी तलावांची नोंद ठेवणाऱ्या कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर अथॉरिटीची नोंदणी, काढणीच्या दिवसाचं वजन, गाडीचं चलन. एका तलावाच्या नोंदणीची मुदत संपली होती. "ताई, अर्ज टाकलाय, येईल की," असं मालक रोज फोनवर सांगायचे. शेवटी त्यांचा माल दुसऱ्या ऑर्डरला वळवला आणि त्यांनी आठवडाभर माझा फोन उचलला नाही.

खरी डोकेदुखी आमच्याच छपराखाली होती. सकाळी ज्या टेबलावर बंदरावरची सोलट, म्हणजे समुद्रातली ट्रॉलरची कोळंबी, सोलतात, त्याच टेबलावर दुपारी वेनामी. डोकं काढलं, साल काढली, धुऊन बर्फात टाकली की कुठला दाणा कुठून आला, हे सांगायला फक्त क्रेटवरची चिठ्ठी उरते. मग वेगळी पाळी, वेगळ्या रंगाचे क्रेट, प्रत्येक तलावाला वेगळा लॉट नंबर. सोलणाऱ्या बायका वैतागल्या, कारण पाळी बदलताना टेबल धुण्यात वेळ जायचा आणि त्यांची मजुरी किलोवर. तेवढ्या वेळाचे पैसे वेगळे द्या, असं मी मॅनेजरना सांगितलं. कुरकुर करत त्यांनी ते मान्य केलं. त्याशिवाय चिठ्ठ्या नीट राहिल्या नसत्या, हे आजही माझं ठाम मत आहे.

वजनाचा हिशेबही जुळावा लागतो. डोकं काढल्यावर साधारण एक तृतीयांश वजन जातं, साल काढल्यावर आणखी. तलावातून आलेल्या मालापेक्षा पेट्यांत जास्त भरला, तर मधे दुसरा माल घुसला असं सरळ दिसतं. खरेदीदाराच्या तपासनिसाने एक पेटी उचलली आणि म्हणाला, हिचा तलाव दाखवा. दाखवला. त्यानंतर एम्पेडाची, म्हणजे समुद्री मालाची निर्यात बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, सही आणि शिक्का तुलनेने लवकर झाला.

याच काळात नाना, आम्हाला सोलट देणारे एक ट्रॉलरमालक, ऑफिसात आले. "माझ्या कोळंबीत काय खोट आहे गो?" म्हणाले. खोट कोळंबीत नाही, जाळ्यात आहे, हे त्यांना सांगायला मला सगळी कुंडली उलगडावी लागली. आधी अमेरिकेने स्वतःच्या ट्रॉलरवर, जाळ्यातून कासवाला बाहेर सोडणाऱ्या यंत्राची सक्ती केली. आम्ही खर्च करायचा आणि बाहेरच्यांनी स्वस्तात माल आणायचा, ही अन्यायाची स्पर्धा, असं तिथल्या कोळंबीवाल्यांचं गाऱ्हाणं. १९८९ मध्ये अशा बाहेरच्या कोळंबीवर बंदी घालणारा कायदा आला, १९९६ मध्ये तो सगळ्या जगाला लागू झाला. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ चा निकाल मजेशीर होता: कासव वाचवण्यासाठी बंदी घालायला हरकत नाही, पण कॅरिबियन देशांना तीन वर्षं आणि आशियाला चार महिने, हा भेदभाव चालणार नाही. अमेरिकेने नियम दुरुस्त केले, मलेशिया पुन्हा भांडली आणि २००१ मध्ये हरली. बंदी राहिली.

"कासव मिळालं की आम्ही सोडतोच," नाना म्हणाले. सोडतात, खरं आहे. जाळं कापून सोडलं तर २०१८ पासून राज्य सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाईही देतं. पण ट्रॉल तासन्‌तास पाण्याखाली ओढतात आणि कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं. वर काढेपर्यंत ते मेलेलंही असू शकतं.

मग मी त्यांना त्या यंत्राचं चित्र दाखवलं. जाळ्याच्या तोंडाच्या आणि खोल्याच्या, म्हणजे मासळी साठते त्या शेवटच्या पिशवीच्या, मधे तिरकी बसवलेली गजांची चौकट, गजांत जास्तीत जास्त चार इंच अंतर. कोळंबी आरपार जाते, कासव गजांवर आपटून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडतं. नाना बराच वेळ बघत राहिले. "आणि घोळ? वाम?" तेही जाणार, मी म्हटलं. अमेरिकेचा ट्रॉलर कोळंबीसाठी निघतो, बाकीची मासळी त्याला नकोच असते. आपल्याकडे कोळंबी डिझेलचे पैसे काढते आणि नफा मोठ्या मासळीत. नियम लिहिणाऱ्यांनी हा हिशेब कधी बघितलेला दिसत नाही. कासव वाचायला हवं, याबद्दल मात्र माझी तक्रार नाही.

न्हावाशेव्यातून कंटेनर गेला, तिकडे सुटलाही. नानांनी मात्र नंतर फोन करून विचारलं, चौकट बसवली तर किलोमागे किती जास्त द्याल? मी खरेदी खात्याला विचारलं. ते म्हणाले, एका बोटीचा माल बंदरापासून वेगळ्या बर्फात, वेगळ्या गाडीत आणावा लागेल. पाच-सहा बोटी तयार झाल्या तर दराचं बोलू.