तीन की आठ

सहलीच्या परवानगीच्या चिठ्ठ्या मी गोळा करत होते. सहावीच्या वर्गातल्या चौतीस मुलांच्या चौतीस चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर सहीच्या जागी फक्त एक ओळ होती : "मी सोबत येणार असेन तरच." खाली नाव नव्हतं, पण अक्षरावरून मुलगा कोणाचा ते कळलं.

फेब्रुवारी 2025 ची गोष्ट. वर्षभर आमच्या शाळेची एकही सहल पाण्याच्या बाजूला गेली नव्हती. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्यातल्या हरणीच्या तळ्यात बोट उलटली आणि सहलीला आलेली 12 मुलं आणि 2 शिक्षिका बुडाल्या. लाइफ जॅकेट काही जणांच्याच अंगावर होती. ती मुलं आमच्या शाळेची नव्हती, पण वडोदऱ्यातल्या कुठल्याही शिक्षिकेला विचारा, त्या रात्री झोप लागली नव्हती. गेलेल्या त्या दोघींपैकी एक मी असू शकले असते. वर्गात उभी राहिले की बाकांवरची डोकी आपोआप मोजायला लागायची.

तरीही मी डभोईजवळच्या वढवाणा तळ्याची सहल मागितली. मी विज्ञान शिकवते. पाण्याकडे पाठ करून पाणपक्षी शिकवता येत नाहीत, आणि जी मुलं पाण्याजवळ कसं वागायचं ते कधी शिकलीच नाहीत, ती पुढे एकटी पाण्यावर गेली तर जास्त धोका, हे मला मनापासून वाटतं. मुख्याध्यापकांना लेखी दिलं : बोट नाही, पाण्यात पाय नाही, पाळीवरून बघायचं, दर अर्ध्या तासाला मोजणी.

सकाळी साडेसहाला कपुराई चोकडीवरून बस डभोईच्या रस्त्याला लागली. ती बिननावाची चिठ्ठी लिहिणारे गृहस्थ, त्या मुलाचे वडील, बसच्या दारापाशीच बसले होते. मकरपुरा जीआयडीसीत एका कारखान्यात तपासणी विभागात असतात, एवढं त्यांनी सांगितलं. मूळचे रावपुऱ्यातले. मुलं मला 'बेन' म्हणतात, हे 'बाई' म्हणाले, आणि शाळेत ते ऐकायची सवय सुटलेली असल्यामुळे बरं वाटलं.

वढवाणा तळं सयाजीराव महाराजांनी 1910 च्या सुमाराला शेतीसाठी बांधून घेतलं. ओरसंग नदीचं पाणी कालव्यानं इथे आणून साठवायचं आणि आसपासच्या गावांना द्यायचं, एवढाच तेव्हाचा हेतू. पाखरं मागून आली. 2021 मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. बसमध्ये मी हे सांगत होते तर मुलांचं लक्ष डब्यांकडे होतं. सकाळचे सात वाजलेत आणि थेपले दिसतायत म्हटल्यावर रागावणार तरी कसं?

पाळीवर पोचल्यावर पहिलं काम केलं ते रांगोळीचं. घरून किलोभर रांगोळी नेली होती. पाण्यापासून चांगली पाच-सहा पावलं सोडून पाळीच्या कडेनं एक लांब पांढरी रेघ ओढली. मुलांना सांगितलं, ही ओलांडायची नाही, चेंडू गेला तरी नाही, चप्पल गेली तरी नाही. सगळी एका रांगेत रेघेच्या अलीकडे उभी राहिली. ते गृहस्थ मात्र रेघेच्या पलीकडे, पाण्याकडे पाठ करून, मुलांकडे तोंड करून उभे राहिले. काही बोलले नाहीत. सकाळचे पहिले दोन तास ते तसेच उभे होते. पाठीमागे हजारो पक्षी, आणि त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

"बेन, भगतडां!" कोणीतरी ओरडलं. काळ्याभोर पाखरांचा तांडाच्या तांडा, प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा टिळा. गुजरातीत त्याला भगतडुं म्हणतात आणि मराठीत वारकरी. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता त्या टिळ्यात भक्तच पाहिला, हे मला फार आवडतं. मुलांनाही आवडलं, कारण ज्यांच्या घरी मराठी त्यांनी लगेच 'विठ्ठल विठ्ठल' सुरू केलं. थापटे, चक्रवाक, शेकाटे, तलवार बदकं. ती नावं सांगण्यात वेळ गेला, त्याबद्दल इथे लांबण लावत नाही.

साडेनऊची मोजणी तेहतीस आली.

पुन्हा मोजली. तेहतीस. शिट्टी तोंडात होती, पण फुंकायला श्वास उरला नव्हता. तोंडाला कोरड पडली आणि कानात फक्त पाखरांचा कलकलाट. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "बाई, झुडपामागे. बुटाची नाडी बांधतेय. मी तिच्यावर नजर ठेवूनच आहे." एक मुलगी झुडपाआडून उठली, हातात नाडी तुटलेली. सगळं मिळून मिनिटभराचं काम असेल. मी खाली बसले. त्यांनी स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली. तेव्हा कळलं की हा माणूस सकाळपासून मुलांना घाबरवायला उभा नव्हता. तो मोजत होता.

दहाच्या सुमाराला पट्टकादंब आले. चरायला शेतात गेलेले थवे पाण्यावर परतायला लागले, आधी आवाज, मग आकाशात वाकड्या ओळी. डोक्यामागे दोन काळे पट्टे. दोन-तीन किलोचा हा हंस हिमालय ओलांडून येतो. त्याच्या पाठीवर यंत्र लावून घेतलेल्या नोंदींमध्ये 7,000 मीटरच्याही वरचं उड्डाण सापडलंय. त्याचं रक्त विरळ हवेतला ऑक्सिजन सखल भागातल्या हंसांपेक्षा घट्ट धरून ठेवतं. हे सांगताना मी दुर्बीण लावली आणि थांबले. एका हंसाच्या गळ्यात हिरवा पट्टा होता. त्यावर पांढरी अक्षरं.

असे पट्टे अभ्यासक घालतात. ते वाचता आले आणि कळवले तर पक्षी कुठून कुठे गेला ते समजतं. मी तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण त्याच्यावर रोखली. दहा वाजून गेले होते, ऊन चढलं होतं, पाण्यावरची हवा थरथरत होती. अक्षर आणि पहिला आकडा लागला. शेवटचा आकडा तीन की आठ, कळेना. मुलांना वाटलं, बेन आत्ता सांगतील. मी "बहुतेक आठ" म्हणणारच होते.

"बहुतेक नको," ते म्हणाले. पहिल्यांदाच रेघेच्या आत आले. "आमच्याकडे एक माप तीन जण घेतात, आणि दुसऱ्यानं काय लिहिलं ते कोणी बघत नाही."

त्यांनी सहा मुलं निवडली. प्रत्येकानं दुर्बिणीतून बघायचं, पेनानं तळहातावर आकडा लिहायचा, मूठ बंद करायची. बोलायचं नाही. सगळ्यांचं झाल्यावर मुठी उघडल्या : चार आठ, दोन तीन. आठवाले ओरडायला लागले तसे त्यांनी हात वर केला. "हवा हलतेय. हवा हलत असताना बहुमताला काही किंमत नाही. वाऱ्याची झुळूक येऊ दे." मग स्वतः खाली गुडघ्यावर बसले, एक डोळा दुर्बिणीला, दुसरा हातानं झाकलेला. पँटला रांगोळी लागली होती. त्यांचा मुलगा शेजारी उकिडवा बसून बापाकडे बघत होता, हंसाकडे नाही.

वीस मिनिटं. थेपले संपले, छुंद्याची बरणी फिरली, कोणी बोललं नाही. चौतीस मुलं वीस मिनिटं गप्प, हे मी माझ्या एकवीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेलं नाही. मग वारा आला, पाणी काळसर झालं, हंसानं मान ताणून वर केली. त्यांनी आकडा बोलून दाखवला नाही. मुलाला दुर्बिणीवर बसवलं, मग मला. मी माझ्या तळहातावर लिहिलं, मुलानं त्याच्या, त्यांनी त्यांच्या. तिघांच्याही हातावर तीन.

परतताना त्यांनी बसच्या पायरीवर उभं राहून मोजलं, मी आत उभी राहून मोजलं. दोघांचेही चौतीस आले.

पक्षिनिरीक्षक मैत्रिणीमार्फत आकडा पुढे कळवला. दहा-बारा दिवसांनी उत्तर आलं : पट्टा मंगोलियातल्या एका तळ्यावर घातलेला, उन्हाळ्यात. वर्गात वाचून दाखवलं. हंस पिसं झडल्यावर काही आठवडे उडू शकत नाहीत, तेव्हाच त्यांना धरून पट्टे घालतात, हेही सांगितलं. "म्हणजे तेव्हा तो पण रेघेच्या आतच होता," एक मुलगी म्हणाली. तीच, नाडीवाली.

संध्याकाळी त्या गृहस्थांना फोन केला. मागे यंत्रांचा आवाज होता. मंगोलिया, उन्हाळा, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"आणि बाई, त्यांच्या नोंदीत शेवटी तीनच आहे ना?"

"तीनच."

"बरं," ते म्हणाले, आणि मागचा यंत्रांचा आवाज पुन्हा मोठा झाला.