बेस प्लेट, ओपन कॅस्केड आणि न सापडणारी फाइल

शेडच्या खांबाखाली बसणाऱ्या बेस प्लेटची त्रिमितीय फाइल तयार करणारी एक छोटी पायथॉन स्क्रिप्ट माझ्याकडे सात-आठ वर्षे निमूटपणे काम करीत होती. प्लेटची मापे आणि बोल्टच्या भोकांच्या जागा दिल्या, की ती स्टेप फाइल (कोणत्याही कॅड म्हणजे संगणकीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी त्रिमितीय आकाराची फाइल) काढून देई आणि ती फाइल फॅब्रिकेटरकडे जाई. गेल्या महिन्यात जुना लॅपटॉप मोडीत निघाला, स्क्रिप्ट नव्या यंत्रावर आली आणि पहिल्याच ओळीवर अडकली. ती पुन्हा चालू करण्यात माझे अडीच दिवस गेले, आणि त्यांतले निदान दीड दिवस माझ्याच घाईने खाल्ले. आज्ञा आणि फाइलींची नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकावी लागतील.

ही स्क्रिप्ट पायथॉन-ओसीसी या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, चालते. पायथॉनची पॅकेजे बसवणारे नेहमीचे साधन म्हणजे पिप, म्हणून सवयीने मी प्रथम ‘पिप इन्स्टॉल पायथॉनओसीसी-कोअर’ असे टंकले आणि जुळणारे वितरण सापडत नाही, असे उत्तर आले. नावाचे स्पेलिंग तीनदा तपासले, पिप अद्ययावत केले, पण उत्तर तेच. यात पिपचा दोष नव्हता. ही लायब्ररी वरून पायथॉनची दिसत असली तरी तो केवळ अंगरखा आहे; आतले अंग ओपन कॅस्केड या सी प्लस प्लसमधल्या भूमितीच्या इंजिनाचे आहे. मात्रा डेटाव्हिजन या फ्रेंच कंपनीने आपल्या कॅड प्रणालीसाठी ते घडवले आणि १९९९ मध्ये त्याचा स्रोत खुला केला. ते एकसंध नसून टीके या अक्षरांनी सुरू होणाऱ्या डझनावारी फाइलींमध्ये विभागलेले आहे. टीकर्नेल पायाभूत कामे सांभाळते, टीकेमॅथ गणित, टीकेबीरेप घनाकृतींचे पृष्ठभाग आणि कडा. पायथॉनच्या प्रत्येक मॉड्यूलमागे ‘स्विग’ने (सी प्लस प्लस कोड पायथॉनला जोडून देणाऱ्या साधनाने) तयार केलेली एक कंपाइल झालेली, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवलेली, फाइल असते आणि ती या टीके फाइलींना हाक मारते. हा सारा संसार विशिष्ट कार्यप्रणालीसाठी आणि विशिष्ट पायथॉन आवृत्तीसाठी एकत्र कंपाइल व्हावा लागतो, म्हणूनच प्रकल्पाचे स्वतःचे मार्गदर्शन कोंडा (पायथॉनखेरीज इतर कंपाइल केलेल्या फाइलीही सोबत आणणारे पॅकेज-साधन) वापरावा असे आहे.

ते मार्गदर्शन वाचण्याऐवजी मी आडवाट धरली. एका सहकाऱ्याच्या यंत्रावर लायब्ररी व्यवस्थित चालत होती आणि त्याची पायथॉन आवृत्तीही माझ्याइतकीच होती, म्हणून मी त्याच्याकडून ‘ओसीसी’ नावाचे फोल्डर जसेच्या तसे उचलून आणले. स्क्रिप्ट चालवली तेव्हा विंडोजने सांगितले की ‘बीरेपप्रिमएपीआय’ आयात करताना डीएलएल (विंडोजमधली कंपाइल केलेली लायब्ररी फाइल) लोड होऊ शकली नाही, कारण सांगितलेले मॉड्यूल सापडत नाही. गंमत अशी, की त्या नावाची फाइल फोल्डरमध्ये माझ्या डोळ्यांसमोर होती. तासभर मी तिच्याकडेच पाहत बसलो. वास्तविक तो संदेश त्या फाइलीविषयी नव्हताच. ती फाइल ज्या टीके फाइलींवर अवलंबून आहे, त्यांपैकी कोणीतरी गैरहजर आहे, एवढेच विंडोजला सांगायचे होते, पण गैरहजर कोण हे सांगण्याची त्याची पद्धत नाही. कोंडाच्या रचनेत या टीके फाइली ‘लायब्ररी’ फोल्डरमधल्या ‘बिन’मध्ये असतात, आणि तो भाग मी उचललाच नव्हता. शिवाय २०१९ मध्ये आलेल्या पायथॉन ३.८ पासून अशा सोबतच्या फाइली शोधण्याचे नियम कडक झाले आहेत. मूळ पायथॉन त्यासाठी विंडोजचा पाथ (फाइली शोधायच्या फोल्डरांची यादी) चाळत नाही, त्यामुळे पाथमध्ये नवे फोल्डर जोडा, हा जुना सल्ला तेथे लागू पडत नाही.

मग मी दुसरी चूक केली. दुसऱ्या एका कॅड सॉफ्टवेअरसोबत ओपन कॅस्केडच्या जुन्या आवृत्तीच्या टीके फाइली आल्या होत्या. त्या मी मॉड्यूलच्या शेजारी आणून ठेवल्या. आता संदेशातला एकच शब्द बदलला. आधी ‘मॉड्यूल’ सापडत नव्हते, आता ‘प्रोसिजर’ सापडेना. हा फरक एखाद्याने मला आधी सांगितला असता, तर माझी एक संध्याकाळ वाचली असती. मॉड्यूल सापडत नाही म्हणजे फाइल जागेवर नाही. प्रोसिजर सापडत नाही म्हणजे त्या नावाची फाइल मिळाली, परंतु हवे असलेले फंक्शन तिच्यात नाही, अर्थात ती दुसऱ्या आवृत्तीची आहे. घर सापडले, पण भाडेकरू भलताच निघाला.

तेव्हा कुठे मी आणलेले सारे काही पुसून टाकले आणि मिनीफोर्ज (कोंडा बसवून देणारा छोटा संच) बसवून नवे, रिकामे एन्व्हायर्नमेंट, म्हणजे स्वतःचा पायथॉन आणि पॅकेजे असलेला वेगळा कप्पा, तयार केले. पायथॉनची अगदी ताजी आवृत्ती न घेता जिच्यासाठी तयार पॅकेज उपलब्ध होते ती घेतली, आणि पायथॉन-ओसीसी एकाच आज्ञेत कोंडा-फोर्ज या चॅनलवरून मागवले. दहा मिनिटांत काम झाले. कोंडाच्या मूळच्या बेस एन्व्हायर्नमेंटमध्ये काहीही बसवायचे नाही आणि कोंडाने बसवलेल्या वस्तूंवर पिपने काही लादायचे नाही, ही दोन पथ्ये मात्र मी तेव्हापासून पाळतो.

स्क्रिप्ट तरीही चालली नाही, पण आता अडचण वेगळी आणि सोपी होती. जुन्या काळी मॉड्यूल थेट ‘ओसीसी’च्या खाली असत, आता ती ‘ओसीसी डॉट कोअर’च्या खाली आहेत. पुढे घनफळ काढणाऱ्या फंक्शनच्या नावातली, ‘बीरेपजीप्रॉप’ आणि ‘व्हॉल्यूमप्रॉपर्टीज’ यांच्या मधली अधोरेषा जाऊन तेथे टिंब आले आहे. नामांतराची ही हौस केवळ पायथॉनच्या बाजूची नाही. ओपन कॅस्केडच्या ७.८ आवृत्तीत स्टेप फाइली हाताळणाऱ्या टीकेस्टेप आणि तिच्या भावंडांना टीकेडीईस्टेप या एका नावाखाली आणले गेले, त्यामुळे जो जुना प्रकल्प लिनक्सवर स्वतः कंपाइल करू जाईल त्याला लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) टीकेस्टेप सापडत नाही असे सांगेल, आणि ती कितीही शोधली तरी मिळणार नाही.

पिपच हवे असेल त्याच्यासाठी कॅडक्वेरी ही पायथॉनचीच दुसरी लायब्ररी चांगला पर्याय आहे. तीही ओपन कॅस्केडवरच उभी आहे, पण तिच्या कंपाइल केलेल्या फाइली पिपला मिळतात. तेथे पॅकेजचे नाव ‘कॅडक्वेरी-ओसीपी’ आणि आयात करताना मात्र नुसते ‘ओसीपी’, एवढे लक्षात ठेवावे लागते. मी ती एका भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर चालवून पाहिली. आधी सर्व्हरवरच्या उबुंटू या लिनक्सने व्यवस्थेच्या पायथॉनमध्ये पिप वापरू दिले नाही, जे योग्यच आहे. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट केल्यावर ‘लिबजीएल डॉट एसओ डॉट १’ उघडता येत नाही, अशी तक्रार आली. ज्या सर्व्हरला पडदाच नाही त्याला चित्र दाखवणारी लायब्ररी कशाला हवी, असा प्रश्न मलाही पडला; पण ओसीपीसोबत दृश्य दाखवणारा भागही लोड होतो, मग तुम्ही काही पाहा अथवा न पाहा. त्यावरचा जुना उपाय म्हणून सांगितले जाणारे ‘लिबजीएल१-मेसा-जीएलएक्स’ हे पॅकेज उबुंटू २४.०४ मध्ये नाही. ‘लिबजीएल१’ बसवले की भागते.

आपल्याकडच्या स्थापत्य अभियंत्यांची या लायब्ररीशी गाठ पडण्याचे आणखी एक कारण म्हणजे आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातले ऑसडॅग. आयएस ८०० : २००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकानुसार पोलादी जोडांचे संकल्पन करणाऱ्या या मुक्त सॉफ्टवेअरमधले त्रिमितीय चित्र पायथॉन-ओसीसीच काढते. त्यामुळे ऑसडॅगच्या स्रोतावर काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पोलादाच्या आधी डीएलएलचा अभ्यास करावा लागला, तर त्याने बिचकू नये.

आयात बिनतक्रार झाली म्हणजे सर्व ठीक, असे मी आता मानत नाही. प्रथम १० गुणिले २० गुणिले ३० चा ठोकळा करून त्याचे घनफळ विचारले, ६,००० आले. मग खरी प्लेट घेतली, ३०० मिलिमीटर चौरस, २० जाड, २० मिलिमीटरच्या बोल्टसाठी २२ ची चार भोके. घनफळ सुमारे १७,६९,५८९ घन मिलिमीटर निघाले, म्हणजे १३.८९ किलो, कागदावरच्या हिशेबाशी ते जुळले. स्टेप फाइल फ्रीकॅड या मुक्त कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडून मापे पाहिली, एन्व्हायर्नमेंटची यादी निर्यात करून स्क्रिप्टच्या शेजारी ठेवली आणि फाइल फॅब्रिकेटरला धाडली.

तासाभराने त्यांचा फोन आला. “साहेब, वीसची प्लेट आत्ता हाताशी नाही, पंचवीसची टाकू का?”

स्क्रिप्टमधला एक आकडा बदलून मी फाइल पुन्हा पाठवली.