वैमानिक प्रशिक्षणाच्या कर्जावरील व्याज आणि कलम ८०ई : माझा अनुभव

माझ्या मुलीने बारावी विज्ञाननंतर गोंदियात व्यावसायिक वैमानिकाचे प्रशिक्षण घेतले. परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च आमच्या बचतीत बसणारा नव्हता, म्हणून बँकेचे शैक्षणिक कर्ज घेतले. कर्जदार ती, सहकर्जदार मी.

प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०सीची (ठरावीक गुंतवणूक आणि खर्चांवरील वजावट) दीड लाखाची मर्यादा भविष्य निर्वाह निधी आणि विम्यातच संपत असल्याने आमची सारी भिस्त कलम ८०ईवर होती. या कलमाखाली करपात्र उत्पन्नातून शैक्षणिक कर्जाच्या मुद्दलाची किंवा शुल्काची नव्हे, फक्त व्याजाची वजावट मिळते. मात्र तिला रकमेची कमाल मर्यादा नाही. अभ्यासक्रम बारावीनंतरचा असावा लागतो; शिवाय खबरदारी म्हणून आमच्या सीएंनी प्रशिक्षण संस्थेला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने दिलेल्या मान्यतेची प्रत आधीच फाइलला लावून घेतली.

खरा विचार करावा लागला तो मुदतीचा. ज्या वर्षी व्याज भरायला सुरुवात होते ते आणि पुढची सात, अशी आठच वर्षे ही वजावट मिळते. प्रशिक्षण चालू असताना हप्ते सुरू नव्हते. तेव्हाच व्याज भरले तर ही आठ वर्षे लवकर सुरू होणार होती, आणि न भरले तर ते साचत जाणार होते. वजावटीची एक-दोन वर्षे वाचवण्यासाठी कर्ज फुगू देणे मला अजिबात पटले नाही, म्हणून मी दरमहा माझ्या पगाराच्या खात्यातून व्याज भरत गेलो.

बँकेच्या पहिल्या प्रमाणपत्रात आकारलेले व्याज होते, भरलेले नव्हे. वजावट प्रत्यक्ष भरलेल्या व्याजाचीच मिळते, म्हणून खातेउतारा जोडून लेखी अर्ज केला आणि दोन्ही रकमा स्वतंत्र दाखवणारे प्रमाणपत्र मिळवले. पालकांनी हा रकाना मार्चअखेरीनंतर लगेच तपासावा, असे मी आग्रहाने सांगेन.

नव्या करप्रणालीत ८०ई लागू नाही आणि आता तीच आपोआप धरली जाते. त्यामुळे दरवर्षी दोन्हींचा हिशेब मांडून, गृहकर्जाचे व्याजही असल्याने, मी मुदतीत विवरणपत्र भरताना जुनी निवडतो. मुलगी नोकरीला लागल्यापासून निम्मा हप्ता तिच्या पगारातून जातो. प्रमाणपत्र एकत्रित येत असल्याने कोणी किती व्याज भरले याचा तक्ता आम्ही खातेउताऱ्यांवरून करतो आणि आपापल्या भागापुरतीच वजावट घेतो.